बैलाच्या कानातलं

नालबंदाचं तोंड दिवसभर खिळ्यांनी भरलेलं असायचं, त्यामुळं गावात तो शांत माणूस म्हणून ओळखला जाई. एका हातात लोखंडी पत्री, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे धरायचे कुठं? तर ओठांत. बैलांच्या खुरांना पत्र्या मारता मारता त्याचं अर्धं आयुष्य असंच तोंड मिटून गेलं होतं. कुणी भाव विचारला तरी 'हं', कुणी शिवी दिली तरी 'हं', आणि बायकोनं काही म्हटलं तरी 'हं'. लोक म्हणायचे, काय सोशिक माणूस आहे! बायको यावर काही बोलायची नाही.

ती बैलाच्या डोक्याशी असायची. बैल दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधून लाकडाच्या बेचक्यावर टेकवायचे आणि एका माणसानं डोकं धरायचं, अशी कामाची रीत. सगळा खेळ डोकं धरणाऱ्यावर. ऐन घावाला बैलानं झटका दिला, तर खिळा खुराच्या जिवंत भागात शिरतो आणि बैल हंगामभर लंगडतो. नालबंदीण गुडघ्यानं शिंग दाबून धरी, मानेला खांदा लावी आणि बैलाच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटत राही. भलाभला मारका बैलही मग डोळे अर्धे मिटून पडून राही. गाडीवान म्हणत, वहिनींकडं मंत्र आहे. नालबंदालाही तसंच वाटे. तिच्या माहेरचं काहीतरी असेल, असं त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. एकदा ठरवलेलं परत उघडून बघायची त्याला सवय नव्हती.

त्या वर्षी पाऊस पाहुण्यासारखा 'निघतो निघतो' म्हणत दारातच रेंगाळला. डोंगरातली लाकडं वखारीत आणायच्या गाड्या चिखलामुळं जागच्या जागी उभ्या राहिल्या. आणि मग एकदम आभाळ फाकलं, ऊन पडलं, चार दिवसांत रस्ता वाळून दगडासारखा झाला. असल्या रस्त्यावर ओझ्याची गाडी ओढायची, तर बैलाच्या पायात पत्र्या हव्यातच. सगळे गाडीवान एकदमच जागे झाले. नालबंदाच्या अंगणात बैल मावेनात. आणि नेमकी त्याच आठवड्यात नालबंदाची उजवीकडची अक्कलदाढ ठणकायला लागली.

पहिले दोन दिवस त्यानं कुणाला कळू दिलं नाही. पण हातोडीचा घाव खुरावर पडे आणि ठणका दाढेत उठे. खिळे तोंडात धरवेनात. ते त्यानं मुंडाशात खोचले, तर वाकला की गळून बैलाच्या पोटाखाली जात. मग रांगत ते शोधायचे. वखारीचा मुकादम बसून हे सगळं बघत होता. मुकादमाला गावानं 'लगेच' असं नाव ठेवलं होतं, कारण त्याला जगातली प्रत्येक गोष्ट लगेच हवी असे.

"काय रे, बैलाला पत्री मारतोयस का त्याला ओवाळतोयस?" लगेच म्हणाला.

नालबंदानं रागानं घाव घातला. खिळा वाकडा गेला. बैल हिसडला, नालबंदीण त्याच्याबरोबर हातभर फरफटली. खिळा उपटला तर टोकाला लाल ठिपका.

लगेच उठून उभा राहिला. मस्करी संपली होती. "हे बघ, सोमवारी माझ्या गाड्या निघणार. रविवारपर्यंत माझे सगळे बैल झाले, तर हंगामाचं काम तुझं. नाहीतर नदीपलीकडचा नालबंद आणतो. आणि एकदा त्याला आणला की हंगामभर तोच."

नालबंद 'हं' म्हणाला. पण तोंडात खिळे नव्हते, त्यामुळं तो 'हं' फार केविलवाणा ऐकू आला.

घरात उपायांना तोटा नव्हता. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं, तंबाखूची चिमूट झाली. ओसरीवर बाजेवर पडलेला नालबंदाचा बाप सगळ्यांवर देखरेख करत होता. त्याच्या स्वतःच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यामुळं या विषयात आपल्याइतका अनुभवी माणूस नाही, असं त्याचं मत होतं.

"दोरा बांध दाढेला. दुसरं टोक बैलाच्या शेपटीला. आणि बैलाला दाखव चाबूक."

"बाबा, दात काढू नका," नालबंद गाल धरून ओरडला.

"मी कुठले दात काढू? असायला तर पाहिजेत," म्हातारा म्हणाला आणि मोकळ्या हिरड्या दाखवत पोटभर हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण अक्कलदाढ आहे म्हणतोस, तर जपून रे. आहे तेवढीही जायची."

दुसऱ्या दिवशी नालबंदीण त्याला बाजारच्या गावी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली.

दवाखाना बियाणांच्या दुकानावर, माडीवर होता. बाहेरच्या बाकावर बायको बसली आणि नालबंद एकटा आत गेला. डॉक्टरीण तरुण होती, हसरी होती आणि तिनं 'काका' म्हटलं, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची आपोआप मागं आडवी व्हायला लागली. पाय वर, डोकं खाली. ही तर बैल पाडायची रीत!

"काका, वर छताकडं बघा. समुद्राचं चित्र आहे ना? त्यात एक कासव लपलंय. शोधा बघू."

नालबंदानं वर बघितलं. निळं पाणी, रंगीत मासे. त्याला आपली हिरव्या वैरणीची पेंढी आठवली. तोही नव्या बैलाला आधी पेंढीच दाखवायचा. बैल पेंढीकडं बघतो तेवढ्यात पायाला दोर पडतो. आपल्या पायाला काही पडतंय का, म्हणून त्यानं मान उचलून बघितलं. पायाशी मदतनीस मुलगी उभी होती.

"कासव नाही सापडलं? बरं, गाणं लावते." कुठूनतरी संथ बासरी सुरू झाली. तो बैलापुढं घुंगरू वाजवायचा. मग त्याच्या हातात एक मऊ चेंडू आला. "भीती वाटली की हा दाबायचा. आणि दुखलं तर डावा हात वर करायचा. लगेच थांबते मी."

लगेच हा शब्द ऐकून नालबंदाला मुकादम आठवला आणि जीव आणखीनच घाबरा झाला. पेंढी झाली, घुंगरू झालं, आता खिळा येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, तर सुई येतच होती. पुढचं त्याला नीट आठवत नाही. मदतनीस मुलीला त्यानं ढकललं नाही एवढं खरं, पण ती भिंतीला चिकटली होती. जिन्याच्या पायऱ्या किती होत्या कोण जाणे, पायाला त्यातल्या दोन-तीनच लागल्या.

भर बाजारात, चहाच्या टपरीसमोर, तो दम खायला थांबला. टपरीवर नेमका लगेच बसला होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि नालबंदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गळ्यात दवाखान्यातला कागदी फडका, त्यावर हसरा दात छापलेला. हातात लाल चेंडू. आणि पाय अनवाणी.

"वा! अख्ख्या मुलुखाच्या बैलांना पत्र्या मारणारा स्वतः अनवाणी! अरे, दात काढायला गेलास आणि सगळ्या बाजाराला दात काढायला लावलेस की!"

बाजारानं खरोखरच दात काढले. तेवढ्यात गर्दीतून नालबंदीण आली. तिच्या एका हातात त्याच्या वहाणा होत्या, दुसऱ्या हातात डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या. तिनं वहाणा त्याच्या पायाशी ठेवल्या, गळ्यातला फडका सोडला, चेंडू मात्र काढून घेतला नाही, कारण तो सोडायला तयार नव्हता.

गोळ्यांनी सूज उतरली, पण ठणका काही हलेना. त्या तीन दिवसांत नालबंदाच्या हातून जेमतेम चार बैल झाले. विव्हळत, कण्हत, खिळे शोधत. शुक्रवारी संध्याकाळी तो आरसा घेऊन भट्टीशी बसला आणि आपलीच सांडशी स्वतःच्या तोंडात घालून बघितली. लोखंडाची चव जिभेला लागली आणि आपण बैलांचं काय काय करतो, ते सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यानं सांडशी पुसून जागेवर ठेवली. बायको चुलीपाशी बसून हे बघत होती.

सकाळी तिनं त्याच्या वहाणा दाराशी आणून ठेवल्या. "चला."

"कुठं?"

"बैल विचारतो का कधी, कुठं म्हणून?"

"मी परत त्या खुर्चीत बसणार नाही."

"नका बसू. नदीपलीकडचा नालबंद येईल, तो बसेल आपल्या ऐरणीपाशी. मी त्याच्यासाठी बैल धरीन."

नालबंदानं वहाणा घातल्या.

"काका, त्या दिवशी माझं चुकलं," डॉक्टरीण म्हणाली. खुर्ची तिनं अजून आडवी केली नव्हती. "सगळ्यांना जे करते तेच तुम्हालाही केलं. मन कशात तरी गुंतलं की भीती कमी वाटते. आज तुम्हीच सांगा, तुमचं मन कशात गुंततं?"

"कशात नाही. त्या सगळ्या युक्त्या मला ठाऊक आहेत. मी रोज करतो."

"कुणाला?"

"बैलाला."

ती हसली, पण त्याला हसली नाही. स्टूल ओढून जवळ बसली. "मग बैल कशानं गप्प राहतो?"

"पेंढीनं राहत नाही. घुंगरानं राहत नाही. बायको कानात बोलते, त्यानं राहतो."

"काय बोलतात काकू?"

"ते तिला माहीत आणि बैलाला माहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाही?"

नालबंदाला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. विचारायचं काय त्यात? खिळा सरळ जातोय ना? डॉक्टरीणबाईंनी दाराकडं तोंड करून हाक मारली, "काकू, जरा आत या."

नालबंदीण आत आली आणि काय करायचं ते ऐकून लालेलाल झाली. "छे, छे! ते बैलांसाठी असतं. माणसांसमोर बोलण्यासारखं नाही ते."

"आम्ही ऐकणार नाही. आमचं लक्ष दाढेत."

"आणि यांनी ऐकलं तर?"

"यांनी ऐकावं म्हणूनच तर."

नालबंदिणीनं नवऱ्याकडं बघितलं. खुर्ची आडवी झाली होती आणि त्याचे डोळे पाडलेल्या बैलासारखे फिरत होते. नाकपुड्या फुगल्या होत्या. ते डोळे बघितल्यावर तिला राहवलं नाही. ती त्याच्या डोक्याशी जाऊन बसली. सवयीनं गुडघा वर आला, तो तिनं खाली घेतला. हात शिंग शोधायला गेला. शिंग नव्हतं, म्हणून तिनं कान धरला. मग वाकली, डोळे मिटले आणि तोंड जे रोज बोलायचं तेच बोलायला लागलं. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

"ऐक रे राजा. तुझ्याशिवाय माझं कोण ऐकतंय? आमचं ध्यान तर तुला ठाऊकच आहे."

नालबंदाचे कान उभे राहिले. ध्यान? कोण ध्यान?

"तोंडात खिळे असले की बोलत नाही, हे समजू शकतं. पण खिळे काढल्यावरही बोलत नाही रे. एक वेळ भिंत बोलेल. बाजाराला निघालं की हे पुढं आणि मी मागं. मान वळवून बघायचं म्हणून नाही. एकदा माझ्या पायात काटा मोडला, मी बसले रस्त्याकडेच्या झाडाखाली. ध्यान आपलं चाललंय तरातरा. घरी पोचलं, पाय धुतले, ओसरीवर बसलं आणि म्हणालं, पाणी आण गं. तीन हाका मारल्या, पाणी आण गं. तेव्हा सासरे म्हणाले, अरे, पाणी आणणारी कुठं आहे?"

मदतनीस मुलीनं फिसकन हसून तोंड दाबलं. सुई हिरडीत शिरली आणि बाहेरही आली, पण नालबंदाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो संतापला होता. तीन हाका? साफ खोटं! दोन हाका मारल्या होत्या. तोंड उघडं, त्यात बोटं आणि नळी. बोलणार कसा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यानं डावा हात वर केला.

डॉक्टरीण तत्काळ थांबली. "दुखतंय?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि दोन बोटं दाखवली.

"दोन? दोन दाढा दुखतायत? आणखी एक काढायची?"

नालबंदानं बोटं मिटून हात मांडीखाली दडवला. बायको गप्प झाली होती. तिच्याकडं वळवता येईल तेवढा डोळा वळवून त्यानं घशातून 'हं' काढला. बैल हुंकारला की ती पुढं बोलायची. इथंही बोलली.

"आता जाड टाचेच्या पत्रीचंच घे. झिजायची, म्हणून मी म्हटलं, टाच जाड करा. मी म्हटलं! मुकादमानं वाहवा केली, तर ध्यान म्हणतं, मला स्वप्नात सुचली. अरे, स्वप्न पडायला जागा तरी पाहिजे. त्या घोरण्यातून स्वप्न आत शिरणार कुठून?"

डॉक्टरीणबाईंचे खांदे हलले. त्यांनी चिमटा हातात घेतला होता, तो क्षणभर बाजूला धरला, स्वतःला सावरलं आणि कामाला लागल्या. दाढ हलायला लागली होती. नालबंदाला कुणीतरी आपला जबडा बैलाच्या खुरासारखा धरून ओढतंय एवढंच कळत होतं, आणि तेही लांबून. त्याचा सगळा जीव कानात आला होता.

बायकोचा आवाज खाली उतरला.

"तांबड्या बैलाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तूही बैलच ना, तुला वाईट वाटायचं. त्यानं हिसडा दिला, शिंग माझ्या खांद्यात बसलं. इथं, उजव्या. डोळ्यांपुढं काळोख आला. ध्यान हातोडी टाकून धावत आलं. मला वाटलं, आज विचारणार. ते वाकलं, बैलाच्या शिंगावरून हात फिरवला आणि मला म्हणालं, शिंगाला काही झालं नाही ना?"

खोलीत नळीचा आवाज तेवढा राहिला.

"गार हवा सुटली की अजून धरतो रे खांदा. घागर मी डाव्या हातानं उचलते. कुणाला दिसायचं असतं तर दिसलं असतं."

नालबंद छताकडं बघत होता. त्याला तो दिवस आठवत होता. तांबडा बैल लगेचचा होता, महागाचा होता, आणि बायको ओरडली नव्हती. ओरडली नाही म्हणजे लागलं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. निळ्या पाण्यात, दोन खडकांच्या मधोमध, त्याला कासव दिसलं. चांगलं ताटाएवढं होतं. त्या दिवशीही ते तिथंच असणार.

"झालं काका," डॉक्टरीण म्हणाली.

नालबंदाला वाटलं, गोष्ट झाली. त्यानं घाईघाईनं हात हलवला, पुढं बोल, पुढं बोल. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकासमोर छोटा ट्रे धरला. त्यात त्याची अक्कलदाढ पडली होती, वाकड्या मुळांची, काळी ठिक्कर.

नालबंदिणीनं डोळे उघडले, आपण कुठं आहोत ते बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

दोघं जिना उतरले. नालबंदाच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि अर्धा चेहरा भुलीनं मेला होता. त्याला बोलता येत नव्हतं. तिला बोलायचं नव्हतं. 'दोन दिवस त्या बाजूला काही धरायचं नाही, मऊ खायचं, गरम नको,' एवढं डॉक्टरीणबाईंचं सांगणं ती मनात घोकत होती. इतक्या वर्षांचं सगळं त्याच्या कानात ओतलं गेलं होतं, ते आता परत काढता येणार नव्हतं.

गावाबाहेर पडल्यावर तो सवयीनं तरातरा पुढं निघाला. दहा-वीस पावलं गेला आणि एकदम थांबून मागं वळला. ती खाली बघत येत होती, ती त्याच्यावर येऊन आदळली.

"काय झालं? रक्त येतंय का?"

त्यानं मान हलवली. तिच्या बरोबरीनं चालायला लागला. जोडीनं चालायची दोघांनाही सवय नव्हती. कधी तो पुढं जाई, कधी ती मागं राही, आणि मधेच दोघं एकमेकांना धडकत. बराच वेळ असं चालल्यावर तो म्हणाला, "कांदा दुकतो का?"

"काय?"

"कांदा. कांदा दुकतो का?"

"कांदा कशाला दुखेल? आणि आज कांदा-बिंदा मिळायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी मऊ खायला सांगितलंय."

नालबंदानं पाय आपटला. बोळा सांभाळत, जीव तोडून म्हणाला, "कांदा गं! उजवा कांदा!"

ती घाबरली. "उजवा कांदा? अहो, भूल डोक्यात चढली की काय?"

तेव्हा त्यानं इकडं तिकडं बघितलं. रस्त्यावर एक गाडी येत होती, गाडीवान ओळखीचा होता. तरी त्यानं हात पुढं केला आणि भर रस्त्यात तिच्या उजव्या खांद्यावर बोट टेकवलं. हळूच, तापलेलं लोखंड आहे की निवलंय ते बघावं तसं.

नालबंदीण तिथंच उभी राहिली. गाडी शेजारून निघून गेली. गाडीवानानं हाक मारली, तिला ती ऐकू आली नाही. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवलेही नाहीत.

"दुखतो," ती म्हणाली. "गार हवेत फार दुखतो."

"हं," नालबंद म्हणाला.

थोडं पुढं गेल्यावर तिनं नाक पुसलं. "म्हणे अक्कलदाढ गेली की अक्कल जाते. आमच्याकडं उलटीच तऱ्हा दिसतेय."

रविवारी लगेच उरलेले सगळे बैल घेऊन दिवस उगवायच्या आत हजर झाला. बघतो तर नालबंद आधीच अंगणात खड्डा खणत होता. त्यानं नवं बेचकं रोवलं, बुटकं आणि जाड, आणि त्याला दोराचा फास केला. शिंग त्यात अडकवायचं.

"हे कशाला आणि?" लगेचनं विचारलं.

"डोकं धरायला," नालबंद म्हणाला. जीभ आता ताळ्यावर आली होती. बायकोकडं वळून म्हणाला, "तू नुसतं बसायचं. खांदा लावायचा नाही."

पहिलाच बैल पांढरा, उंच, तापट. पाडला, पाय बांधले, शिंग फासात अडकवलं. खिळे नालबंदानं शेजारी फडक्यावर मांडले. पत्री खुरावर ठेवली, हातोडी उचलली. बैलानं असा हिसडा दिला, की पत्री उडून लगेचच्या पायाशी पडली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बेचकं मुळापासून करकरलं.

"अरे, काय चाललंय?" लगेच ओरडला. "वहिनी, मंत्र म्हणा की!"

नालबंदानं बघितलं, तर बायको बैलाच्या डोक्याशी मुकाट बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. दातखीळ बसल्यासारखी.

"बोल की," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"रोज बोलतेस ते."

"रोज तुम्ही ऐकत नव्हता." ती मान खाली घालून हलक्या आवाजात म्हणाली, "आता एक शब्द काढला की तुम्ही म्हणणार, तीन नव्हे, दोनच हाका मारल्या. मग मी काय बोलायचं?"

नालबंदानं तोंड उघडलं. दोनच हाका मारल्या होत्या, हे त्याच्या अगदी जिभेच्या टोकावर होतं. तो तसाच तोंड उघडं ठेवून उकिडवा बसून राहिला. पाठीवर ऊन चढत होतं. पलीकडं दावणीला बांधलेले बैल शेपट्या हलवत होते. लगेच येरझारा घालत नदीच्या दिशेनं बघायला लागला होता.

मग नालबंदानं फडक्यावरचे खिळे उचलले. एकेक करून तोंडात धरले, डाव्या बाजूला. नेहमी चार-पाच धरायचा. आज मूठभर धरले, गाल फुगेपर्यंत. पार काही बोलता येणार नाही असं झाल्यावर त्यानं बायकोकडं बघून मान हलवली.

नालबंदिणीला हसू आलं. मग ते आवरलं. ती वाकली आणि तिचा हात आपोआप बैलाच्या मानेवर गेला.

"ऐक रे राजा. आमच्या ध्यानाची काल अक्कलदाढ काढली."

पांढऱ्या बैलाचा कान फडफडून थांबला. अंगातला ताठा सैल पडला. लगेचही नकळत जवळ येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या वहिनी. घाई कुणाला आहे?"

"तुम्ही तिकडं दावणीशी व्हा बघू," नालबंदीण म्हणाली. तो नाइलाजानं उठून गेला.

नालबंदानं पत्री बसवली. तोंडातला एक खिळा काढून घाव घातला. खिळा सरळ गेला. दुसरा घेताना त्यानं मान थोडी तिच्याकडं कलती केली आणि घशातून हुंकार दिला, म्हणजे पुढं बोल.

तिनं बैलाचा कान जरासा बाजूला सारला आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवला.